मिरची लागनी

आमच्या गावात बाईला कमरेखाली काहीही झालं तरी त्याला नाव एकच होतं, ‘मिरची लागनी’. खाज सुटली तरी मिरची लागली, आग झाली तरी मिरची लागली. पांढरं जायला लागलं, सूज आली, फोड आला, लघवीला बसल्यावर डोळ्यांत पाणी आलं, तरी मिरचीच. त्या जागेचं खरं नाव फक्त शिव्यांत ऐकू येई, आणि शिव्या देण्याचा मान पुरुषांचा. मग बायकांनी आपला वेगळा शब्द काढला आणि सगळी दुखणी त्यातच कोंबली.

शब्द काही आभाळातून पडला नव्हता. तापीकाठच्या काळ्या जमिनीत आमची मिरची होई आणि दिवाळी उलटली की खळं लाल होऊन जाई. बायका दिवसभर बसून मिरची निवडत. चांगली लाल एका ढिगात, आणि पांढुरकी पडलेली, तिला फटकी म्हणतात, ती दुसऱ्या ढिगात. मग माल बैलगाडीनं नंदुरबारच्या बाजाराला जाई. मिरचीचं तिखट हाताला बसलं की नुसत्या पाण्यानं जात नाही. आधी तेल चोळायचं, मग ताकानं हात धुवायचे. घाईत कुणी तशीच उठून आडोशाला गेली की तिची नाचानाच सुरू, आणि बाकीच्या पोट धरून हसणार. मी दुसऱ्यांना हसले आहे आणि मलाही सगळ्या हसल्या आहेत. ती मिरची खरी होती. घटकाभर आग होई आणि उतरून जाई.

पण मिरची आषाढातही लागे, तेव्हा खळ्यावर एक देठसुद्धा नसे. उभ्या जन्मात खळ्यावर न बसलेल्या, दुकानाच्या माडीवर राहणाऱ्या मारवाड्याच्या शेठाणीलाही लागे. तान्ह्या पोरींना लागे आणि पाठीत वाकलेल्या म्हाताऱ्यांनाही लागे. यात काही चुकतंय असं कुणाच्या मनात येत नसे. एकट्या फुईच्या मनात येई.

फुई म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. आत्याला आमच्याकडे फुई म्हणतात. ऐन उमेदीत तिचा नवरा गेला आणि ती माहेरी आली ती कायमची. खळं तिच्या हुकमतीत होतं. फुईला फटकी नुसत्या बोटांनी कळते, अशी बायकांची समजूत होती. तसं काही नव्हतं. बाकीच्या गप्पा मारत निवडत आणि फुई बघत निवडी, एवढाच काय तो फरक.

मी सहा-सात वर्षांची असताना मला अशीच मिरची लागली. संध्याकाळ झाली की इतकी खाज सुटे की मी अंगणात लोळण घेई. मायनं ताकानं धुतलं, तूप लावलं, देवाला नारळ बोलली. चार दिवस मी घर डोक्यावर घेतलं. पाचव्या दिवशी फुईनं मला बखोटीला धरून परसात उन्हात उभं केलं, परकर वर केला आणि खाली बसून सरळ बघितलं.

माय ओशाळून गेली. ‘बाई, पोरले उघडी कसाले करी ऱ्हायनात?’

‘देखाशिवाय कसं समजी?’ फुई म्हणाली. मला पुढून बघितलं, मागून बघितलं आणि उठून उभी राहिली. ‘मिरची बिरची काही नही. जंत शेतस.’

तिनं पळसाच्या शेंगांतल्या चपट्या बिया, पळसपापडी, कुटून गुळात कालवून मला तीन सकाळी चारली. नखं कापली, माझं अंथरूण रोज उन्हात टाकलं. आठवड्यात मी मोकळी झाले. गूळ आवडला म्हणून चौथ्या सकाळीही मी खाज सुटल्याचं सोंग केलं, तर फुईनं पाठीत धपाटा घातला.

पुढे माझ्या थोरल्या भावाची बायको, माझी वहिनी, लग्न होऊन आली. पहिल्याच पावसाळ्यात तिला मिरची लागली. दह्याच्या कवड्यांसारखं पांढरं जाई, आणि खाज अशी की बिचारी भाकरी थापता थापता पाय आवळून उभी राही. नवी नवरी म्हटल्यावर बायकांना काय, चिडवायला चांगलाच विषय मिळाला. वहिनी लाजेनं अर्धी झाली. फुईनं तिला न्हाणीत नेलं, बघितलं आणि बाहेर येऊन एकच प्रश्न विचारला, ‘तुन्हा फडका कोठे वाळतस?’

वहिनीचे पाळीचे फडके धान्याच्या कणगीमागे, अंधारात, पोत्याखाली वाळत होते. वाळत कसले, ओलेच राहत होते, आणि तेच ती पुन्हा घेत होती. आम्ही सगळ्याच तसं करत होतो. फुईनं ते बाहेर काढले, उकळत्या पाण्यात घातले आणि ऊन पडल्यावर परसातल्या कुंपणावर उघड्यावर पसरले. वडील पुढे पंधरा दिवस परसाकडे फिरकले नाहीत. मायनं देवासमोर बसून नाक घासलं. पण वहिनीला हळूहळू आराम पडला. पोटुशी असताना पुन्हा तेच झालं, तेव्हा ती आपणहून फुईकडे गेली.

असं होतं फुईचं. तिला औषधं फार येत नव्हती. तिला बघायला लाज वाटत नव्हती. आज मला वाटतं, सगळ्या गावात तेवढं एक औषध होतं आणि ते तिच्याकडे होतं. मात्र ते तिला स्वतःला लावता येत नव्हतं.

मी पंधरा वर्षांची झाले तेव्हा फुई पन्नाशी ओलांडून गेली होती. पाळी जाऊन तिला बरीच वर्षं झाली होती. निवडता निवडता ती मध्येच उठून जाऊ लागली. परत आली की तोंड ओढलेलं असे. बसताना एक कुल्ला टेकवून बसे. कुणी विचारलं की म्हणे, ‘काही नही, मिरची लागनी.’ ज्या बाईनं तो शब्द कधी मान्य केला नाही, तिच्या तोंडी तो आला तेव्हाच मला कळायला हवं होतं.

एके दिवशी दुपारी तिनं मला न्हाणीत बोलावलं. मी मराठी चौथी शिकलेली. शाळामास्तर आमच्या ओसरीवर जेवत, म्हणून तेवढं शिक्षण झालं होतं. घरात आलेलं टपाल मीच वाचे, त्यामुळे मला सगळं समजतं असा फुईचा भाबडा विश्वास होता.

‘देख वं पोरी,’ ती म्हणाली, ‘माले सवताले दिखत नही.’

मी बघितलं. बघितलं म्हणजे काय, डोळे टेकवले आणि उचलले. पण तेवढ्यात दिसायचं ते दिसलं. कातडी पांढरी पडली होती. फटकी मिरचीसारखी पांढुरकी, पातळ, चुरगळलेली. नखांचे ओरखडे होते. पांढरी कातडी म्हणजे काय ते आम्हाला लहानपणापासून पढवलेलं होतं. पांढरी कातडी म्हणजे कोड. कोड म्हणजे घराला डाग. आणि त्याच महिन्यात तळोद्याकडच्या एका चांगल्या घरातून मला मागणी आली होती.

‘काय शे?’ फुईनं विचारलं.

‘लाल व्हयेल शे,’ मी म्हणाले. ‘मिरची लागनी.’

फुईनं मान हलवली आणि लुगडं सारखं केलं. माझं बघणं तिनं आपल्या बघण्याइतकंच खरं मानलं. ही माझी पहिली चूक. दुसरीपुढे ती काहीच नव्हती.

ते कोड नव्हतं. हे मला पुढे कितीतरी वर्षांनी कळलं, फुईच्या वयाला मी स्वतः पोचले आणि मलाही तशीच खाज सुटली तेव्हा. मी मुकाट्यानं जाऊन डॉक्टरीणबाईला दाखवलं. तिनं सांगितलं, कोडाला अशी खाज नसते. हे निराळं दुखणं आहे, उतारवयातल्या बायकांना बऱ्याचदा होतं, कातडी पांढरी आणि पातळ पडते. मलम लावायचं, साबण घासायचा नाही, आणि अधूनमधून दाखवत राहायचं, कारण त्यात कधीतरी एखादी न भरणारी जखम किंवा गाठ निघते आणि ती वेळेत काढावी लागते. ती सांगत होती आणि मी रडत होते. बाईला वाटलं मी घाबरले. ती मला धीर देत राहिली आणि मी तिला काही सांगितलं नाही.

तर ती दुसरी चूक. त्या हिवाळ्यात घरोघर बांगड्या भरायला येणारी कासारीण बातमी घेऊन आली, की नंदुरबारला स्टेशनजवळच्या धर्मशाळेत एक डॉक्टरीणबाई आली आहे, गाडीनं लांबून आली आहे, चार दिवस राहणार आहे आणि फक्त बायकांनाच बघते. फुईला बांगड्या भरायच्या नव्हत्या, ती विधवा, पण कासारणीचं बोलणं ती अगदी जवळ बसून ऐकत होती. दुसऱ्या दिवशी वडील मिरचीची गाडी घेऊन निघाले तर फुई आधीच गाडीत पोत्यांवर बसलेली. ‘माल इकाले मीबी ईस,’ म्हणाली. आणि मला म्हणाली, ‘चाल, तूबी चाल. ती बाई शुद्ध बोलत व्हई. माले काय समजी?’

वाटेत तिनं मला हळूच सांगितलं. हाताला आता एक दाणा लागतो, म्हणाली. जोंधळ्याएवढा. त्यातून पाणी येतं. वडील पुढे बैल हाकत होते, त्यामुळे ती कुजबुजत होती. मी ‘हं’ म्हणाले आणि रस्त्याकडे बघत बसले. त्या दाण्यात तिचा जीव अडकला आहे हे मला ठाऊक नव्हतं, हे खरं. पण ती एवढ्या लांब गाडीचे हिसके खात तेवढ्यासाठीच चालली आहे, हे मला ठाऊक होतं.

धर्मशाळेच्या एका खोलीत मधोमध चादर टांगली होती. अलीकडे बाकावर बायका बसलेल्या, पलीकडे खाट, पाण्याचं पातेलं आणि कार्बोलिकचा वास. बाकावर बसलेल्या बायकांत एक ओळखीची निघाली. मला जिथून मागणी आली होती त्या घरातली, माझ्या होणाऱ्या सासूची जाऊ. तिनं मला डोक्यापासून पायापर्यंत बघून घेतलं आणि ‘काय वं, कोनले काय व्हयनं?’ असं विचारलं. ‘फुईले मिरची लागनी,’ मी म्हणाले. तिनं ‘हां’ केलं. तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. माझ्या जिवात जीव आला.

आमची पाळी आली. डॉक्टरीणबाई पांढऱ्या लुगड्यात, चष्मा लावलेली, पुस्तकातलं बोलणारी. आमची अहिराणी तिला येत नव्हती.

‘काय त्रास आहे बाईंना?’ तिनं मला विचारलं.

फुई नीट सावरून खाटेच्या कडेवर बसली आणि बोलली, ‘मिरची लागेल शे. दोन वरीस व्हई गयात. खाज जीव खाई ऱ्हायनी. आते एक दानाबी लागस हातले.’

चादरीपलीकडे बाक. बाकावर ती जाऊ. चादर पातळ होती.

‘त्यांना मिरची लागली आहे,’ मी म्हणाले.

शब्दाला शब्द, अगदी बरोबर. मास्तरांनी मार्क दिले असते. दोन वर्षं मी गिळली, खाज गिळली, दाणा गिळला.

‘मिरचीचं काम करतात का?’

‘हो. खळ्यावर निवडतात.’

बाई थोडी हसली. हात तेलानं पुसत जा, म्हणाली. मग ती थांबली. ती चांगली डॉक्टरीण असावी, कारण ती थांबली. ‘तरी एकदा बघून घेते,’ ती म्हणाली. ‘विचार त्यांना. तपासू का?’

माझ्या डोळ्यांपुढे ती पांढरी कातडी आली. बाई बघणार. मग मोठ्यानं काहीतरी बोलणार. ‘पांढरं’ म्हणणार. चादरीपलीकडे ते जाणार, तिथून त्या गावात जाणार, आणि माझं लग्न मोडणार. हे सगळं मी अर्ध्या श्वासात विचार करून मोकळी झाले. फुईला मी विचारलंच नाही.

‘नको म्हणतात त्या,’ मी म्हणाले.

बाईनं फुईकडे बघितलं. फुईनं माझ्याकडे बघितलं. मी खाली फरशीकडे बघितलं. मग बाईनं एका डबीत मलम काढून दिलं.

‘काही नही म्हने,’ मी फुईला सांगितलं. ‘मलम लावानं.’

फुई खाटेवरून उठली. तिचा कासोटा मागे सुटून लोंबत होता. बसल्या बसल्या सुटला असेल असं मला वाटलं. चादर बाजूला करून आम्ही बाहेर येत होतो, बाकावरच्या सगळ्यांच्या नजरा आमच्याकडे, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ‘फुई,’ मी दातओठ खाऊन म्हणाले, ‘कासोटा खोस ना नीट. लोके देखी ऱ्हायनात.’ तिनं मागे हात नेऊन तो खोसला. परतीच्या वाटेवर रिकाम्या गाडीत ती माझ्याकडे पाठ करून बसली. हिसक्यांनी दुखत असेल, असं मी मनाला सांगितलं.

माझं लग्न त्याच घरात झालं. थाटात झालं. फुईनं उभं राहून सगळं केलं आणि पंगतीला वाढताना ती दर घटकेला भिंतीला टेकत होती. ते मलम तिनं शेवटच्या बोटभरापर्यंत लावलं. त्या घरात मी आयुष्य काढलं, माणसं वाईट नव्हती. आता वाटतं, फुईच्या अंगावरचं पांढरं त्यांना कळलं असतं तरी त्यांनी मला केलंच असतं. कदाचित नसतं केलं. त्याची किंमत फुईनं द्यावी असं काय होतं त्यात? मला स्वतःचा राग येतो, अजून येतो, आणि तो कुणावर काढायचा ते कळत नाही.

दोन वर्षांनी मायचा निरोप आला, की फुईले मिरची लागेल शे, तू ये. निरोपातही मिरचीच. मी गेले तेव्हा जोंधळ्याचा दाणा उरला नव्हता. जखम होती, तळहाताएवढी. जांघेत गाठी होत्या. घरात उदाचा धूर केला तरी वास जात नव्हता. वहिनीनं तेवढ्या काळात तिला गाडीत घालून दवाखान्यात नेलं होतं. तिथे सांगितलं, फार उशीर झाला, हे लहान असतं तर कापून काढता आलं असतं. वहिनी हे मला चुलीपाशी सांगत होती. तिला माझं काही ठाऊक नव्हतं.

मी महिनाभर राहिले. रोज सकाळी दार लावून कडुनिंबाच्या पाण्यानं फुईची जखम धूत असे. आता मी बघत होते. आता मला किळस वाटत नव्हती, लाज वाटत नव्हती, आणि त्याचा कुणाला काही उपयोग नव्हता. फुई छताकडे बघत पडून राही. दुखलं की माझं मनगट धरी.

एका सकाळी मला राहवेना. फडकं हातात तसंच धरून मी बोलून टाकलं. ‘फुई, ती धर्मशाळामा बाईनी तपासू का म्हनीसन इचारेल व्हतं. मी तुले सांगं नही. मीच नको म्हनी दिधं.’

फुई छताकडेच बघत होती. मला वाटलं तिला ऐकू गेलं नाही. मग तिच्या तोंडावर तिचं जुनं हसू आलं, खळ्यावरचं.

‘माले ठाऊक शे,’ ती म्हणाली. ‘तपासू का, एवढं समजाले काय शाळा लागस?’

‘मंग तू बोलनी का नही वं?’

‘तू शिकेल पोर,’ फुई म्हणाली. ‘तू हा म्हनशी म्हनीसन मी तुन्हा तोंडकडे देखी ऱ्हायनी व्हती.’ तिला दम लागला होता. ती थांबली आणि पुन्हा बोलली, ‘मी तं कासोटा सोडीसन बसेल व्हती.’

मी फडकं पाण्यात बुडवलं. पिळलं. पुन्हा बुडवलं. ती तयार बसली होती, खाटेच्या कडेवर, मागची खोच आपल्या हातानं सोडून. आणि दारात मीच तिला म्हणाले होते, फुई, कासोटा खोस ना नीट, लोके देखी ऱ्हायनात.